जशी आहे तशीच हवी, तर आधी तशीच चालवून पाहा

प्रश्न : जुनी पिकअप घ्यायचं बरीच वर्षं मनात होतं. आता एक सापडली आहे. १९७० ची शेवरोले सी-१०, लांब हौद्याची, २५० घनइंची सहा सिलिंडर इंजिन, स्टेअरिंगच्या दांड्यावर तीन गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, पॉवर स्टेअरिंग नाही. विकणारा म्हणतो, गाडीत काहीही बदललेलं नाही. रंग उडालाय, टपावर प्रायमर दिसतं, सीटचं रेक्झिन फाटलंय. माझा मेकॅनिक म्हणतो, "घ्या, पण आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन टाकू, पुढे डिस्क ब्रेक बसवू, वरून नवा रंग मारू." मला ती आहे तशीच हवी आहे. हा माझा नुसता हट्ट आहे का? घेताना काय पाहू आणि घेतल्यावर कशी सांभाळू?

उत्तर : हट्ट आहे, पण शहाणा हट्ट आहे. त्याला माझी एकच अट आहे. ही गाडी जशी आहे तशी चालवायला तुम्हाला आवडलं पाहिजे. फोटोतली किंवा दारात उभी असलेली नाही, चालणारी. म्हणून पैशांचं बोलणं सुरू करण्याआधी तिच्यावर निदान तासभर बसा. गर्दीत न्या, चढावर न्या, मोठ्या रस्त्यावर न्या. जागच्या जागी वळवताना दंडांना किती जोर लागतो ते कळू दे. ब्रेकवर पाय ठेवल्यावर ती किती अंतर खाते, तीनच गिअर असल्यामुळे वेग वाढला की इंजिन कसं ओरडतं, हेही अनुभवा. खाली उतरल्यावर तुमच्या मनात पहिला विचार "एवढं एक बदललं की झालं" असा आला, तर ही गाडी सोडा आणि आधीच बदललेली एखादी घ्या. तशा ढिगानं मिळतात, आणि एकाने हौसेनं केलेला खर्च दुसऱ्याकडून क्वचितच पूर्ण वसूल होतो, त्यामुळे तुमचाही फायदाच होईल. पण उतरताना हसू आलं, तर पुढचं वाचा.

न बदललेली मोटारगाडी मिळणं एक वेळ सोपं, न बदललेली पिकअप मिळणं अवघड. पिकअप ही राबणारी गाडी. तिच्या मालकानं जे हाती लागेल ते वेल्ड केलं, डॅशबोर्ड कापून रेडिओ बसवला, हौद्याला भोकं पाडून पेट्या ठोकल्या. त्यातून वाचली ती पुढे हौशी लोकांच्या हाती लागली, आणि त्यांनी ती खाली बसवली, रुंद चाकं लावली, इंजिन बदललं. कारखान्यातून निघाली तशी उरलेली पिकअप म्हणूनच थोडी. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा १९६६ पासून काम करते. तिच्या व्याख्येत ऐतिहासिक वाहन म्हणजे किमान ३० वर्षं जुनं, इतिहासाला धरून जपलेलं आणि रोजच्या वापरात नसलेलं. तुमची गाडी वयाची अट कधीच ओलांडून गेली आहे. प्रश्न उरतो तो मधल्या अटीचा, आणि तिथे विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. गाडी स्वतः बरंच सांगते.

सुरुवात चाकांपासून करा. एका चाकाला किती नट आहेत ते मोजा. १९७० पर्यंतच्या सी-१० ला सहा नट असत. १९७१ मध्ये पुढे डिस्क ब्रेक आले आणि नट पाच झाले. तुमच्या गाडीच्या पुढच्या चाकांना पाच आणि मागच्यांना सहा दिसले, तर कोणीतरी नंतरच्या गाडीचं पुढचं सामान आणून बसवलंय, हे बोनेट न उघडताच कळलं. मग टेप काढा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत १२७ इंच भरलं पाहिजे. आखूड हौद्याच्या गाड्यांना जास्त मागणी असल्यामुळे लांब गाडीची चासी १२ इंच कापून ती ११५ ची करण्याचा उद्योग बराच चालतो. तुमची लांब आहे हे मला उलट आवडलं. लांब गाडीला हौशी लोक नाक मुरडतात, म्हणूनच ती हात न लागता राहण्याची शक्यता जास्त असते.

मग दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवरचा, कारखान्यानं दिलेला ओळख नंबर वाचा. आजच्यासारखा १७ अक्षरांचा नंबर १९८१ पासूनचा. तुमच्या गाडीचा छोटा असेल आणि तो 'सीएस१४०' असा सुरू व्हायला हवा. सी म्हणजे फक्त मागच्या चाकांना जोर, एस म्हणजे सहा सिलिंडर, १ म्हणजे अर्ध्या टनाची श्रेणी, ४ म्हणजे पिकअप आणि ० म्हणजे १९७०. एसच्या जागी ई असेल तर ती कारखान्यातून व्ही-८ घेऊन निघाली होती, आणि आज तिच्यात सहा सिलिंडर आहे याचा अर्थ इंजिन बदललेलं आहे. हाच नंबर गाडीच्या कागदांशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. त्यात फरक असेल तर गाडी कितीही देखणी असो, तिथून निघा. शेवटी ग्लोव्ह बॉक्सचं झाकण उघडून आतली बाजू बघा. या काळातल्या जनरल मोटर्सच्या ट्रकांना तिथे एक कागदी पट्टी चिकटवलेली असे, तिच्यावर त्या गाडीत कारखान्यात काय काय बसवलं याची नोंद असते. ती पट्टी शाबूत असेल तर तिचा स्वच्छ फोटो काढा आणि घरी बसून एकेक ओळ गाडीशी ताडून पाहा. पट्टी नाही म्हणून गाडी नाकारू नका. पट्टी असून गाडी तिच्याशी जुळत नसेल, तर मात्र विचारा.

आता गंज. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण इंजिन कुठलाही जाणकार मेकॅनिक उभं करून देतो, सडलेली केबिन उभी करणं हे वेगळ्याच माणसाचं आणि वेगळ्याच खर्चाचं काम आहे. या गाडीचे पत्रे ठरलेल्या ठिकाणी सडतात. केबिनचे मागचे खालचे दोन कोपरे. दारांखालच्या पट्ट्या. पायाखालची जमीन. पुढच्या काचेच्या रबराखालची कड. टपाच्या भोवतीची पावसाची पन्हळ. केबिन चासीवर जिथे टेकते ते पुढचे दोन आधार. रेडिएटर ज्या चौकटीत बसतो तिचा तळ. चुंबक मऊ कापडात गुंडाळून या सगळ्या जागांवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं हलकं ठोका. धड पत्रा खणकन बोलतो, आतून खाल्लेला बद्द वाजतो. मॅट उचला, फोटोपुरती नाही, पूर्ण उचला. आणि विकणाऱ्याची हरकत नसेल तर तांब्याभर पाणी पुढच्या काचेखालच्या जाळीत ओता आणि आत पायाशी हात लावून बघा. पाणी बाहेर, मडगार्डामागून खाली पडायला हवं. ते आत येत असेल तर जाळीखालचा पत्रा सडलाय, आणि तिथे हात पोचवायचा म्हणजे अर्धा डॅशबोर्ड आणि मडगार्ड सोडवणं आलं.

गाडी उचलून खालूनही बघा. चासीवर वरवर लाल गंज असला तर घाबरू नका, तो घासून निघतो. पापुद्रे सुटत असतील, किंवा नुकताच जाड काळा लेप फासलेला दिसला, तर मला शंका येते. त्या लेपाखाली काय आहे ते बघितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. उडालेल्या रंगाचा आणि टपावरच्या प्रायमरचा तुम्हाला संकोच वाटतोय असं पत्रावरून जाणवलं. मला ती या सौद्यातली सगळ्यात चांगली खूण वाटते. जुन्या रंगाला काही लपवता येत नाही. ताज्या रंगाची पिकअप असती तर मी तुम्हाला दुप्पट वेळ तपासायला लावला असता. रंग खरंच मूळचा आहे का हे सीटच्या मागे, दारांच्या चौकटीत आणि ग्लोव्ह बॉक्सच्या आत बघितलं की कळतं. बाहेर एक आणि आत दुसरा, किंवा रबरांच्या कडांवर रंगाचे शिंतोडे, म्हणजे गाडी एकदा रंगवून झाली आहे.

इंजिन थंड असतानाच बघायचं आहे असं आधी कळवा, आणि पोचल्यावर आधी बोनेटला हात लावा. गरम लागलं तर थांबा, किंवा दुसऱ्या दिवशी जा. थंडगार इंजिन चोक देऊन कसं सुरू होतं, यात अर्धी तपासणी झाली. सुरू होताना निळ्या धुराचा एक झोत येऊन थांबला तर बहुतेक व्हॉल्व्हची सील गेलेली आहेत, ते चालण्यासारखं आहे. निळा धूर सतत येत राहिला तर रिंगा संपल्यात. गाडी तापल्यावरही पांढरी, गोडूस वासाची वाफ येत राहिली तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. दांड्यावरचे गिअर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना अडकत असतील तर ते बहुतेक वेळा खालच्या दांड्यांचे बुश झिजल्यामुळे असतं, गिअरबॉक्समुळे नाही. तेवढ्यावरून किंमत पाडून मागा, गाडी सोडू नका. आत पेट्रोलचा वास येतो का तेही बघा. या गाडीची टाकी सीटच्या मागे, केबिनमध्येच आहे.

घेतलीत असं धरून चालतो.

"काही बदलायचं नाही" याचा अर्थ "कशाला हात लावायचा नाही" असा करू नका. त्यानं गाडी मरते. झिजायला आणि संपायलाच केलेल्या वस्तू असतात: होस, बेल्ट, रबरी बुश, ब्रेकचे लायनर, टायर, बॅटरी, तेलं. त्या बदलणं ही सेवा झाली. गाडी बदलते ती कापल्यानं, भोक पाडल्यानं, वेल्डिंग केल्यानं. प्रत्येक कामाआधी मी एकच प्रश्न विचारतो : पुढच्या मालकाला हे दोन पान्यांनी परत मूळचं करता येईल का? येत असेल तर करा. डिस्ट्रिब्युटरमधले, ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मोड्यूल बसवणं या परीक्षेत पास होतं, कारण काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर डबीत ठेवले की झालं. मी स्वतः पॉइंटच ठेवीन. सुमारे ०.४ मिलिमीटरची फट लावायला शिकलं की वाटेत गाडी बंद पडली तरी स्वतःच्या हातानं चालू करता येते. व्ही-८ टाकणं नापास. त्यात इंजिनाचे आधार, रेडिएटर, सायलेन्सरचा पाइप, वायरिंग, सगळंच हलतं, आणि ग्लोव्ह बॉक्समधली ती पट्टी खोटी पडते. हे सहा सिलिंडर इंजिन साधं, टिकाऊ आहे, त्याच्या आजूबाजूला इतकी मोकळी जागा आहे की आत उभं राहून काम करावं. अशा इंजिनाला काढायचं कारण मला दिसत नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र मी हा नियम सैल करतो. त्या काळच्या सीटबेल्टच्या पट्ट्यांवर अवलंबून राहू नका, त्यांचं कापड जुनं होऊन कमजोर झालेलं असतं. खांद्यावरून येणारा पट्टा बसवायचा ठरवलात तर तो जाणकाराकडून, मजबूत जागी बसवून घ्या. त्यासाठी पाडलेलं भोक मला खुपणार नाही.

डिस्कचं काय? मेकॅनिकचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, ड्रम ब्रेक लांब घाट उतरताना तापून कमी धरतात आणि भिजले की एका बाजूला ओढतात. पण जुन्या ड्रमविषयी जी ओरड होते त्यातली बरीचशी न सांभाळलेल्या ड्रमविषयी असते. चारही व्हील सिलिंडर, रबरी होस आणि मास्टर सिलिंडर एकदा नवे करून घ्या. होस बाहेरून चांगले दिसले तरी आतून फुगतात आणि ब्रेक सोडल्यावरही चाक धरून ठेवतात. या मॉडेलला १९६७ पासून पुढच्या-मागच्या चाकांचे ब्रेक वेगवेगळ्या वाहिन्यांवर आहेत, त्यामुळे एक फुटली तरी दुसरी उरते, ही मोठी जमेची बाजू. लायनर आपोआप जुळवून घेणारी यंत्रणा गाडी मागे घेताना ब्रेक मारला की काम करते, म्हणून अधूनमधून मागे जात दोन-चारदा नीट ब्रेक दाबा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते दर दोन वर्षांनी बदला. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या पाइपनं उडवू देऊ नका, कोरड्या ब्रशनंही झाडू नका. ओलं करून पुसायचं, मास्क लावायचा, आणि ते फडकं पिशवीत बंद करून टाकायचं. ती धूळ फुप्फुसात जाऊन कॅन्सर होऊ शकतो.

पेट्रोलचं थोडक्यात. या इंजिनाच्या काळात पेट्रोलमध्ये शिसं असे आणि ते व्हॉल्व्हच्या बैठकींना झीज लागू देत नसे. शिशाचं पेट्रोल रस्त्यावरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये जगातून पूर्ण गेलं. लोक यावरून घाबरवतात. हलक्या वापरात बैठकी बराच काळ टिकतात. फक्त तेवढ्यासाठी हेड उघडू नका, दुसऱ्या कशासाठी उघडावं लागलं तर त्याच वेळी कठीण धातूच्या बैठकी बसवून घ्या. खरी काळजी आजच्या इथेनॉलची. ते जुन्या रबराला फुगवतं आणि चिरतं, म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा प्रत्येक होस इथेनॉल चालणारा घ्या, टाकीला पेट्रोल भरायच्या नळीचा होस आधी. केबिनमध्ये वास येतोय म्हणून टाकी हौद्याखाली हलवा असं कोणी सुचवेल. आधी तो होस आणि टाकीतली पातळी दाखवणाऱ्या फ्लोटचं सील बदला, बहुतेक वेळा वास तिथूनच येतो. इंजिन ऑइल निवडताना सपाट टॅपेटच्या जुन्या इंजिनांसाठी असलेलं, जस्त जास्त असलेलं घ्या. नव्या तेलांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी ते कमी केलेलं असतं, आणि तुमच्या कॅमशाफ्टला ते हवं आहे.

रंगाला हात लावू नका. साध्या शाम्पूनं धुवा, मऊ पॉलिशचा अगदी हलका हात एका कोपऱ्यावर करून बघा, मग मेण लावा. जुन्या रंगावर चमकदार पारदर्शक लाखेचा थर मारायची हल्ली टूम आहे, ती टाळा. खाली राहिलेला गंज आत कोंडून वाढत राहतो आणि थर नंतर सोलला जातो. त्यापेक्षा दारांच्या आणि खालच्या पट्ट्यांच्या तळाची पाणी जायची भोकं तारेनं मोकळी करा आणि पोकळ जागांत आतून मेणाचा फवारा मारून घ्या. हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा असेल तर कुजलेली तेवढीच फळी बदला. सीटवर आत्ता चादर टाका. फाटलेल्या जागी आतून पट्टी लावून ती शिवता येते, संपूर्ण नवं रेक्झिन ही शेवटची पायरी. आणि काढलेला कुठलाही मूळ भाग, मोडका असला तरी, टाकू नका. चिठ्ठी बांधून खोक्यात ठेवा. या पिढीच्या शेवरोले पिकअपचे नवे बनवलेले भाग मुबलक मिळतात, पण मूळचे बसतात तसे ते बसतात, असं नेहमी होत नाही.

मग चालवा. दर आठवड्याला पाच मिनिटं जागेवर चालू करून बंद करणं हा गाडीवरचा अन्याय आहे. इंजिन पुरतं तापत नाही, आत जमलेलं पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये राहतं. त्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांनी अर्धा-पाऊण तास चांगली फिरवून आणा. काही महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून त्यात पेट्रोल टिकवणारं औषध घाला, बॅटरीची तार सोडवा, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवा आणि एअर फिल्टरच्या तोंडाशी उंदरांचा बंदोबस्त करा. टायरवर नक्षी भरपूर दिसली तरी वय बघा. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांवरचे टायर मी चालवणार नाही. विमा घेताना रक्कम आधी ठरवून लिहून घेणारा घ्या. नाहीतर काही झालं तर वयाचा घसारा लावून तुमच्या हातात भंगाराचा भाव ठेवतील.

राहिला तुमचा मेकॅनिक. त्याला बदलू नका. जुनं इंजिन पाहून ज्याचे हात शिवशिवतात तो माणूस कामाचा असतो. पण गाडी देताना तोंडी बोलण्यावर भागवू नका, एक कागद द्या. त्यावर काय करायचं ते लिहा, आणि खाली ठळक लिहा : कापणं, भोक पाडणं, वेल्डिंग आणि रंगकाम विचारल्याशिवाय नाही, काढलेला प्रत्येक भाग परत द्यायचा. पहिल्या खेपेला फक्त ब्रेक, पेट्रोलचे होस आणि टायर एवढंच सांगा. ते हातात आल्यावर महिनाभर चालवा, आणि दुसऱ्या खेपेची यादी त्यानंतरच लिहा.